बाहेर जायची मुभा

"मॅडम, कुणीतरी उठून बाहेर जायला पाहिजे," प्राचार्य पाटणकर म्हणाले.

केबिनमध्ये आम्ही तिघंच होतो. ते, मी आणि आमचे मराठीचे विभागप्रमुख महाडिक सर. मला वाटलं, मलाच जायला सांगताहेत. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाईला केबिनमधून बाहेर जायची सवय असते. मी पर्स उचलली.

"तुम्ही नव्हे हो, विद्यार्थी!" पाटणकर सर वैतागले. "बघा, मूल्यांकनाची समिती मागच्या बाकांवर बसणार. तुम्ही कथेच्या आधी सूचना वाचणार, 'ज्यांना त्रास होईल त्यांना बाहेर जायची मुभा आहे' म्हणणार. आणि कुणी उठलंच नाही तर? समितीला दिसणार काय? पोरं गप बसलेली दिसणार. गप तर ती कुठल्याही कॉलेजात बसतात."

"आपल्याकडं तेवढी पण बसत नाहीत," महाडिक सर म्हणाले. ते निवृत्तीला आले होते आणि कुणाच्या बापाला भीत नव्हते.

"समितीतल्या एकालाही मराठी येत नाही," पाटणकर सरांनी त्यांच्याकडं दुर्लक्ष केलं. "सगळे परराज्यातले. त्यांना ना कथा कळणार, ना सूचना. पोरगं उठून बाहेर गेलेलं मात्र कळणार. आणि आपल्याकडं ती मुलगी आहेच की. मुळीक. ती मागं एकदा गेलीच होती. तिला सांगून ठेवा, परत तसंच जा म्हणावं. अगदी नैसर्गिक दिसेल."

महाडिक सरांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी टेबलावरच्या काचेकडं. कारण ती मुलगी परत तशी उठून गेली असती, तर कॉलेजातूनच गेली असती, आणि हे त्या केबिनमध्ये फक्त मला माहीत होतं.

ही सूचनांची भानगड सुरू झाली ती तिच्यापासूनच. मी मिरजेची. विट्याकडच्या त्या कॉलेजात नुकती लागले होते आणि त्या भागाची मला काडीची माहिती नव्हती. तिथली निम्मी घरं गलाईवर चालतात, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यावर. घरातला कर्ता पुरुष तमिळनाडूत नाहीतर बंगालमध्ये दुकान टाकून बसलेला, गावाकडं रंगीत बंगला, आणि बंगल्यात म्हातारी माणसं आणि शिकायला ठेवलेली पोरं. तेजस्विनी मुळीक त्यांतलीच. सेलमला जन्मली, तिथंच सातवीपर्यंत शिकली आणि मग एकाएकी गावी चुलत्याकडं आली. का आली, ते सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. नव्हतं ते मला.

दुसऱ्या वर्षाला एक कथा नेमलेली होती. इंदू नावाची सून, सासरचा जाच, आणि शेवटी स्वयंपाकघरात जळून मृत्यू. मी ती वर्गात मोठ्यानं वाचत होते, कारण आमच्याकडं पुस्तक कुणी वाचत नसे. सगळे गाईड वाचत, आणि गाईडात इंदू दोन-तीन ओळींत जळून जाई. मी रॉकेलच्या डब्यापर्यंत आले आणि वर्ग एकदम शांत झाला. आमच्या वर्गात शांतता म्हणजे काहीतरी बिघडल्याचीच खूण. मान वर करून पाहिलं, तर सगळी डोकी तिसऱ्या बाकाकडं वळलेली. तिथं तेजस्विनी बसली होती. ती उठली, सॅक उचलली आणि कुणाकडं न बघता बाहेर गेली.

"काय झालं हिला?" मी विचारलं.

पुढच्या बाकावरच्या मुलीला सांगायची कोण घाई! "मॅडम, तिची आई जळालीया वो, सेलमला. जगली, पर तवापास्नं गावाकडं आली न्हाई. स्टोचा भडका उडाला म्हणत्यात. पण..."

त्या 'पण'वर सगळा वर्ग हळहळला. हळहळण्याला चांगली चवही होती.

दुसऱ्या दिवशी तिचा चुलता आला. सुरेश मुळीक. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी आणि बोलणं लोण्यासारखं मऊ.

"बाई, ते आमच्या घरचं दुखणं हाय. त्याची चारचौघांत चर्चा नको. पोरगीला स्थळ आलंया चांगलं. आता परत एकदा आमच्या घराचा विषय हितं निघाला, पोरगी परत अशी उठून भाईर गेली, तर मी दाखला काढून घिऊन जाणार. परीक्षा-बिरीक्षा मग ऱ्हाऊ द्या."

तेजस्विनी त्याच्यामागं उभी होती. तो गेल्यावर ती मागं थांबली आणि म्हणाली, "मॅडम, मला बी.ए. पूर्ण करायचंय. मग मी आईकडं जाणार. तिकडं शाळा बघून ठेवलीय मी, मराठी पोरांची. डिग्री असली की घेतात."

बस, एवढंच तिचं मागणं होतं. कुणाच्या डोळ्यांवर न येता दीड वर्ष काढायचं, डिग्री घ्यायची आणि आईजवळ जायचं. मी म्हणाले, काळजी करू नकोस. हे वाक्य आपण किती सहज बोलतो!

पाटणकर सरांच्या कानावर प्रकरण गेलं तेव्हा ते आधी म्हणाले, "कथाच काढून टाका." महाडिक सरांनी सांगितलं की अभ्यासक्रमातून कथा काढायला जेवढ्या सह्या लागतात, तेवढ्यात नवीन कॉलेज निघेल. मग सर पुण्याला कुठल्याशा कार्यशाळेला गेले आणि येताना एक शब्द घेऊन आले. आशय-सूचना. परदेशात म्हणे नेमलेल्या पुस्तकावर आधीच लिहितात, आत काय काय त्रासदायक आहे ते. ज्याला झेपणार नाही त्यानं वाचू नये. त्या वर्षी मूल्यांकनाची समिती येणार होती आणि समितीला दाखवायला काहीतरी 'नावीन्यपूर्ण उपक्रम' हवा होता. दुसऱ्या विभागांत कुणी गांडूळखत केलं होतं, कुणी सौर दिवे लावले होते. आम्ही सूचना लावायच्या ठरवल्या.

त्या बैठकीची आठवण झाली की मला आजही एकटीलाच हसू येतं. पोवाड्याला 'हिंसा व रक्तपात' लिहिलं. संतकाव्याला काय लिहायचं यावर अर्धा तास गेला आणि शेवटी 'संसाराविषयी निराशाजनक उद्गार' असं ठरलं. लावणीला 'शृंगार' लिहून खाली लाल रेघ मारली, तर आठवड्याभरात ग्रंथालयातल्या लावणीच्या सगळ्या प्रती गायब. जी पुस्तकं आम्ही हात जोडून वाचायला सांगत होतो ती पोरांनी मिळेल तिथून पैदा केली. महाडिक सर म्हणाले, "व्याकरणाला पण लावा की सूचना. पोरं खरी रडतात ती तिथं."

"सर, हा थट्टेचा विषय नाही," पाटणकर सर म्हणाले.

"मी कुठं थट्टा करतोय? गेल्या वर्षी समासाच्या तासाला एक जण चक्कर येऊन पडला."

थट्टा ती नव्हतीच. थट्टा पुढं सुरू झाली, वर्गात. नियम असा झाला की धडा सुरू करायच्या आधी शिक्षकानं सूचना मोठ्यानं वाचायची, मुभा द्यायची आणि मिनिटभर थांबायचं. त्या मिनिटात वर्ग काय करी? वर्ग मागं वळे आणि तेजस्विनीकडं बघे. सूचना पोवाड्याची असो की संतांची, सगळ्या माना तिसऱ्या बाकाकडं. आता जाईल, मग जाईल! जी गोष्ट एकदाच होऊन लोक विसरले असते, ती आम्ही दर तासाला घंटा वाजवल्यासारखी आठवण करून देत होतो. ती फळ्याकडं बघत ताठ बसायची. तिच्या भल्यासाठी काढलेली ती सूचना वाचताना मला माझ्याच आवाजाची चीड यायची.

तर त्या दिवशी केबिनमध्ये मी पाटणकर सरांना सांगितलं, "सर, तिला नाही सांगणार मी."

"का?"

"तिचे काका तिला काढून नेतील. तसं बोलून गेलेत ते."

"अहो, मी बोलतो त्यांच्याशी. कॉलेजच्या इभ्रतीचा प्रश्न आहे म्हणावं."

"तुम्ही बोललात, तर तिसऱ्या दिवशी दाखला मागायला येतील. मग समितीसमोर कुणाला उठवणार?"

हा मुद्दा मात्र त्यांना पटला. बराच वेळ पेन आपटत बसले आणि म्हणाले, "मग त्या लकड्याला घ्या."

ओंकार लकडे हा आमचा नाट्यमंडळाचा हिरो. गॅदरिंगला दरवर्षी त्याचा मृत्यू ठरलेला असे आणि तो मरायला इतका वेळ घेई, की प्रेक्षकच पडदा पाडा म्हणून ओरडत. पाटणकर सरांनी त्याला बोलावून समजावलं आणि जाता जाता म्हणाले, "नीट कर. अंतर्गत गुणांचं बघू आपण."

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

मी तेजस्विनीला गाठलं ते ग्रंथालयाच्या पायरीवर. म्हटलं, समितीच्या दिवशी इंदूची कथा ठरलीय, तू त्या दिवशी येऊच नकोस, हजेरी मी लावते.

तिनं मान हलवली. "नाही मॅडम, येणार मी."

"अगं, सगळे बघत बसतील तुझ्याकडं."

"बघतातच की. तुम्हाला वाटलं, त्या दिवशी मी कथेमुळं उठले?" तिचं मराठी जरा जपून पावलं टाकणारं होतं, दुसऱ्याच्या अंगणातून चालल्यासारखं. "कथेचं काय नव्हतं. सगळी वळून बघायला लागली म्हणून उठले. कथा तर मला पुढं ऐकायची होती. इंदूचं काय झालं ते."

"पुस्तकात आहे ना."

"वाचलं. तीनदा वाचलं. पण मला ती वर्गात बसून ऐकायचीय. सगळ्यांच्यात. शेवटपर्यंत. न उठता." मग जरा थांबून म्हणाली, "नाही उठले तर काका पण काही म्हणणार नाहीत ना?"

"नाही म्हणणार," मी म्हणाले. तिचं गणित बरोबर होतं. बसून राहायचं, एवढंच तर तिला करायचं होतं. आणि बसून राहण्यासारखी सोपी गोष्ट आमच्या वर्गाला आजवर जमलेली नव्हती.

समिती आली. अध्यक्ष होत्या डॉ. कनकवल्ली, कोईमतूरकडच्या. पिकलेले केस, हातमागाची साडी, नाकात दोन्ही बाजूंना चमकी, आणि सकाळपासून एवढी गांडूळं आणि एवढे सौर दिवे बघून झालेले की चेहऱ्यावर कशाचंच काही उमटत नव्हतं. त्यांच्याबरोबर दोन गृहस्थ. तिघं मागच्या बाकावर बसली. पाटणकर सर त्यांच्या बाजूला उभे, नवरदेवाच्या मामासारखे, घाम पुसत. त्यांनी इंग्रजीत उपक्रमाची माहिती दिली. मी पुस्तक उघडलं आणि सूचना वाचली. 'या कथेत कौटुंबिक छळ व भाजून मृत्यूचे वर्णन आहे. ज्यांना त्रास होईल त्यांना बाहेर जायची मुभा आहे.'

वर्ग सवयीनं वळला आणि तेजस्विनीकडं बघू लागला. तेवढ्यात ओंकार लकडे उठला.

"नको! नको!" त्यानं छाती धरली. "सहन होत नाही!" दोन्ही हातांनी चेहरा झाकून तो दाराकडं निघाला, आणि चेहरा झाकलेला असल्यानं दाराच्या चौकटीवर आपटला. ते आपटणं तेवढं खरं होतं.

पाटणकर सरांनी समितीकडं अभिमानानं पाहिलं. समितीतला एक गृहस्थ काहीतरी लिहू लागला. झकास जमलं होतं.

मग पहिल्या बाकावरची मुलगी उठली. "मॅडम, मला पण त्रास होतोय वो."

मी तिच्याकडं बघतच राहिले. तिच्या मागं तिची मैत्रीण, कोरड्या डोळ्यांना ओढणी लावत. मग एक मुलगा, मग त्याचं अख्खं बाक. अंतर्गत गुणांची बातमी ओंकारच्या पोटात संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकली नव्हती. जो बाहेर जाईल त्याला गुण, असा सगळ्यांचा पक्का समज झाला होता. बाकामागून बाक रिकामं होत गेलं. कुणी हुंदका काढला, कुणी नुसतंच कपाळ धरलं, एकानं जाताना डबाही सोबत घेतला. पाटणकर सर पहिल्या चार-पाच जणांपर्यंत हसत होते, दहाव्याला त्यांचा चेहरा उतरला आणि अर्धा वर्ग गेल्यावर ते दारात आडवे उभे राहिले. "बसा रे! बसा!" ते दबक्या आवाजात म्हणत होते, पण मुभा छापील होती, आणि पोरं त्यांच्या बगलेखालून गेली.

वर्ग रिकामा झाला. तिसऱ्या बाकावर तेजस्विनी मात्र बसून होती. तिनं दोन्ही हात बाकावर ठेवले होते आणि ती माझ्याकडं बघत होती, कथा कधी सुरू होतेय म्हणून. इंदूशी ज्यांचं काडीचं देणंघेणं नव्हतं, ते सगळे व्याकुळ होऊन व्हरांड्यात उभे होते.

डॉ. कनकवल्ली प्रथमच नीट ताठ बसल्या. त्यांनी पाटणकर सरांना इंग्रजीत विचारलं, "तुमच्या कॉलेजात ही कथा ऐकू शकेल असं कुणीच नाही का?" मग बाईंनी तेजस्विनीकडं बोट केलं. "आणि ही? हिला सूचना समजली नाही? तू का नाही गेलीस, मुली?"

तेजस्विनी उठून उभी राहिली. तिनं इंग्रजी शब्द जुळवायला तोंड उघडलं, बाईंच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि एकदम तमिळमध्ये बोलायला लागली.

मी तिचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. मराठीत जपून चालणारी ही मुलगी तमिळमध्ये धावत होती. डॉ. कनकवल्लींनी चष्मा काढला. काहीतरी विचारलं. तिनं उत्तर दिलं. बाई उठल्या, दोन बाकांमधून वाट काढत पुढं आल्या, आणि तिसऱ्या बाकावर तिच्याशेजारी बसल्या, अगदी खेटून. मला म्हणाल्या, "तुम्ही वाचा. ही मला सांगेल."

मी वाचू लागले. एक वाक्य मी वाचायची आणि मागोमाग तेजस्विनी हलक्या आवाजात ते बाईंच्या कानात घालायची. इंदूचं लग्न झालं, सासू बोलली, दीर बोलला, नवरा गप्प बसला. बाहेर आमची व्याकुळ मंडळी खिडक्यांना लटकली होती, कान टवकारून. आजवर तेजस्विनीच्या घराचा एकेक शब्द त्यांना आयता मिळाला होता. आज ती त्यांच्यादेखत बोलत होती आणि त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. मला खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

रॉकेलच्या डब्याशी मीच थांबले. तिनं माझ्याकडं पाहिलं, 'वाचा ना' अशा नजरेनं. मी वाचलं. इंदू जळाली, शेजारीपाजारी धावले, दवाखान्यात नेलं आणि पहाटे ती गेली. कथा संपली. मी पुस्तक मिटलं.

तेजस्विनी बोलतच होती.

मला आधी वाटलं, तिची शेवटची एक-दोन वाक्यं मागं राहिली असतील. पण ती थांबेना. डॉ. कनकवल्ली तिच्याकडं एकटक बघत होत्या, टोपण लावलेलं पेन मांडीवर पडलेलं होतं. मध्येच तेजस्विनीनं स्वतःच्या हनुवटीपासून गळ्यावरून कोपरापर्यंत हात फिरवला, आणि मग हाताची बोटं एकमेकांना चिकटवून दाखवली. बाईंनी ती बोटं आपल्या हातात धरली आणि सोडली नाहीत.

पाटणकर सर दबकत माझ्याजवळ आले. "मॅडम, भाषांतर मूळ कथेपेक्षा लांब कसं काय हो?"

"तमिळ फार समृद्ध भाषा आहे, सर," मी म्हणाले.

"हो ना," ते म्हणाले आणि घाम पुसत परत जागेवर गेले.

समिती गेल्यावर मी तिला जिन्यात गाठलं. ती दमली होती, पण चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ दिसत होता. मी विचारलं, "कथा तर संपली होती ना गं?"

"पुस्तकातली बाई मेली, मॅडम. म्हणून तिथं संपली." तिनं सॅक खांद्याला अडकवली. "आमची आई जगली. मग पुढचं पण सांगायला लागलं. आणि आधीचं पण, ते स्टोचं."

"स्टोचं काय?"

ती माझ्याकडं बघून नुसती हसली आणि खाली उतरून गेली. मराठीत ती ते सांगणार नव्हती.

समितीच्या अहवालात आमच्या उपक्रमाबद्दल एक ओळ आली, 'विद्यार्थ्यांचा प्रतिसाद असामान्य होता'. पाटणकर सरांनी ती ओळ चौकट करून केबिनमध्ये लावली. ते कौतुक होतं की आणखी काही, ते त्यांनी कुणाला विचारलं नाही. पण ते पुढं कधीतरी. सुरेश मुळीक आला तो दुसऱ्याच दिवशी.

स्टाफरूममध्ये मी एकटीच होते. त्याच्या शर्टाच्या खिशात घडी केलेला कागद होता. दाखल्याचा अर्ज, ते मला न सांगता कळलं. म्हटलं, गेली पोरगी हातातून. पण तो कागद काढेना. समोरच्या खुर्चीत बसला आणि गळ्यातली साखळी बोटानं फिरवत राहिला. कालच्या गोष्टीचा गावभर बोभाटा झाला असणार, एवढं तर उघड होतं.

"कमिटीच्या बाईसंगं आमची तेजू बोलली म्हणं. बराच येळ."

"हो. कथा सांगत होती."

"तमिळमदी?"

"हो."

"पोरं म्हणत्यात, कुणालाच काय कळलं न्हाई."

"मलाही नाही कळलं."

तो जरा सैल झाला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मला येतंय तमिळ. मी बी हुतो की सेलमला, दादाच्या दुकानावर. वैनीचं झालं तवा दादा भाईर गेलावता. घरात मीच हुतो."

मी हे विचारलं नव्हतं. मी त्याच्याकडं नीट पाहिलं. इतके दिवस मला त्याच्या आवाजातला मऊपणा दिसला होता, आता त्या मऊपणाखाली काय आहे ते दिसलं. तो माणूस घाबरला होता. पोटातून घाबरला होता.

"बाई," तो पुढं वाकला, "कुणाचं नाव घेतलं का हो तिनं?"

मला असा संताप आला, की त्याचा तो कागद हिसकावून फाडावा. पण मी बसूनच राहिले. डॉ. कनकवल्लींच्या मांडीवरचं ते टोपण लावलेलं पेन माझ्या डोळ्यांसमोर होतं. त्यांनी एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं.

"ते मला कसं कळणार?" मी म्हणाले. "पण बाईंनी सगळं लिहून घेतलंय. शब्द न् शब्द. तिची सहीसुद्धा घेतली."

"सही?"

"पद्धतच आहे ती. सरकारी काम. मधूनमधून चौकशी करत राहतात. मुलगी कॉलेजात येते की नाही, घरी कुणी काही बोललं का, शिक्षण पुरं झालं का. आणि मुलगी दिसली नाही, तर मग घरापर्यंत येतात."

मी आयुष्यात एवढं सलग खोटं पुन्हा कधी बोलले नाही, आणि एवढं समाधानही मला कशानं मिळालं नाही.

सुरेश मुळीकनं खिशातला तो कागद अजून खाली, आत दाबला. उठला. नमस्कार केला. दारापर्यंत गेला आणि उंबऱ्यातून मागं वळला.

"बाई, परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा असतोय?"

मी तारीख सांगितली. त्यानं ती परत विचारून घेतली.